शिक्का तुटलेली पत्रं

तोतया मेलचा पहिला फटका बसला तो हॉस्पिटलच्याच एका निवृत्त नर्सबाईंना. ज्या इमारतीत त्यांनी पस्तीस वर्षं ड्यूट्या केल्या, तिच्याच पत्त्यावरून त्यांना मेल आली, की तुमच्या तपासणीचा रिपोर्ट तयार आहे, बघायला इथे पासवर्ड टाका. बाईंनी विश्वासाने टाकला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नावाने नातेवाईक, शेजारी, जुने डॉक्टर, झाडून सगळ्यांना तसलीच मेल गेली. पंधरवड्यात चाळीस पेशंट असे फसले, आणि जो तो काउंटरवर येऊन भांडू लागला, की मेल तर तुमच्याच पत्त्यावरून आली होती ना?

साहेबांनी ठकीला केबिनमध्ये बोलावलं. ठकी हे काही तिचं कागदावरचं नाव नव्हे. लहानपणी ती गोल डोळे करून लाकडी बाहुलीसारखी एका जागी बसून राहायची, म्हणून मामाने ठेवलेलं. हॉस्पिटलात तिला सगळे मेलबाई म्हणत. बाराशे माणसांच्या मेल नीट जातात-येतात की नाही हे बघणं तिचं काम. सगळं सुरळीत असलं की मेलबाई कुणाला आठवायची नाही, आणि तिला तेच बरं वाटायचं.

"हे कधी थांबणार?" साहेबांनी विचारलं.

"थांबवता येईल सर. दोन महिने तयारी चाललीय माझी."

आणि ते खरं होतं. मेलच्या जगात कुणीही उठून कुणाच्याही नावाने पत्र टाकू शकतं. त्यावर उपाय असा, की आपल्याकडून निघणाऱ्या प्रत्येक मेलवर डोळ्यांना न दिसणारा एक शिक्का मारायचा. वाटेत कुणी एक शब्द जरी इकडचा तिकडे केला, तरी शिक्का तुटतो. मग आपल्या पत्त्याच्या दारावर, जगातल्या सगळ्या मेल-सर्व्हरना वाचता येईल अशी एक पाटी लावायची. या धंद्यातली माणसं तिला डीमार्क म्हणतात. आमच्या नावाची मेल आली, पण तिच्यावरचा शिक्का तुटलेला आहे आणि ती आणणाराही आमचा माणूस नाही, तर काय करायचं, ते त्या पाटीवर लिहायचं. लिहिण्यासारखं तीनच प्रकारचं असतं. नुसती नोंद ठेवा, किंवा बाजूला काढा, किंवा दारातूनच परत पाठवा.

ठकीने दोन महिने 'नुसती नोंद ठेवा' एवढंच लिहून ठेवलं होतं. रोज जगभरातून रिपोर्ट यायचे, आणि ती ओळ न् ओळ तपासायची. तोतये कोण, आपले कोण, हे निवडणं म्हणजे तांदळातले खडे वेचण्यासारखं काम. त्यात एक ओळ तिला दर आठवड्याला दिसायची. कुठला तरी छोटासा सर्व्हर, हॉस्पिटलच्या पत्त्यावरच्या मेलच्या दोनेकशे प्रती, सगळ्यांचे शिक्के तुटलेले. तिला बघताक्षणी कळलं होतं, की हा तोतया नाही, हा मेल-गट आहे. आपल्यातलंच कुणीतरी गटाला एक पत्र पाठवतं, गटाचं सॉफ्टवेअर विषयाच्या आधी गटाचं नाव जोडतं, खाली दोन ओळी चिकटवतं, आणि ते पत्र सगळ्या सभासदांना वाटतं. त्या जोडाजोडीत शिक्का तुटतो. हे दुखणं तिला पाठ होतं, त्यावर तिने वाचलंही होतं. फक्त कोण लिहितंय ते विचारायला हवं होतं. सगळ्यांना एक परिपत्रक काढलं असतं, तर पाच मिनिटांत उत्तर मिळालं असतं.

तिने शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'मेल-गट. किरकोळ. नंतर बघू.'

बुधवारी दुपारी पावणेचारला तिने पाटीवरचा एक शब्द बदलला. आता हुकूम होता, परत पाठवा.

आठवड्याभरात तोतया मेल बंद पडल्या. ती फसलेली नर्सबाई मुद्दाम वर येऊन ठकीचा हात हातात घेऊन गेली. साहेबांनी मीटिंगमध्ये चार माणसांसमोर कौतुक केलं. ठकी दोन दिवस हवेतच होती.

*

आता मामाबद्दल सांगायला हवं. ठकीचे वडील ती पहिलीत असताना गेले. आई कारखान्यात पाळीवर, त्यामुळे शाळा सुटली की ठकी घाऊक बाजारात, मामाच्या ओट्यामागे. मामा लिलाववाला. चाळीस वर्षं तो त्या ओट्यावर उभा राहून माल पुकारायचा, आणि त्याचा आवाज असा, की बाजाराच्या दुसऱ्या टोकाला झोपलेला हमाल उठून बसायचा. मधूनच बोली थांबवून तो मागे वळून म्हणायचा, "ठके, साताचा पाढा!" आणि गिऱ्हाइकांच्या देखत ती पाढा म्हणायची. वडिलांचा चेहरा तिला फारसा आठवत नसे. मामाचा आवाज मात्र अंगात भिनलेला.

पाच वर्षांपूर्वी त्या आवाजाच्या जागीच कॅन्सर निघाला. ठकीच्याच हॉस्पिटलात मामाचं स्वरयंत्र काढलं. गळ्यात श्वासासाठी एक भोक राहिलं, आणि श्वासनळी नि अन्ननळी यांच्यामधल्या पडद्यात बोराएवढी एक झडप बसवली. भोकावर अंगठा दाबला, की फुप्फुसातली हवा त्या झडपेतून जाते आणि आवाज निघतो. घोगरा, खरखरीत, पण आवाज. मामाला तो आवडला नाही. "हा कुठला भाडेकरू आणून ठेवलाय माझ्या गळ्यात?" असं तो म्हणायचा. घरच्यांशी बोलायचा तेवढंच. बाहेर पडला, की मूग गिळून.

मग हॉस्पिटलातल्या स्पीच थेरपिस्टबाईंनी त्याला एका मेल-गटात घातलं. स्वरयंत्र गेलेल्या माणसांचा गट, दोनशे दहा सभासद. एक निवृत्त ग्रंथपाल तो चालवायचे, त्यांचंही स्वरयंत्र गेलेलं. थेरपिस्टबाई दर सोमवारी एक पत्र लिहायच्या. झडपेची काळजी, गिळण्याच्या तक्रारी, आंघोळ करताना भोकात पाणी जाऊ नये म्हणून काय करायचं, असलं सगळं. मग आठवडाभर त्यावर उत्तरं, प्रत्युत्तरं आणि चेष्टामस्करी. उत्तर थेट गटालाच जायचं, म्हणजे सगळ्यांना वाचायला मिळायचं. तिथे मामा पुन्हा लिलाववाला झाला. तो लिहायचा तसंच, जसा ओट्यावर बोलायचा. लोक त्याच्या मेलची वाट बघायचे. ठकीला हे सगळं वरवर ठाऊक होतं. गटाचं नाव मात्र तिने कधी विचारलं नव्हतं. मामा नुसतं 'आमची मंडळी' म्हणायचा.

पाटी बदलून सातेक आठवडे झाले असतील. रविवारी ठकी मामाकडे गेली. तो खिडकीपाशी बसला होता. लॅपटॉप उघडा, पण पडदा काळा. चहाचा घोट घेतला की त्याला खोकला यायचा. ठकीला तो दिसला, पण मामाचा खोकला नवा नव्हता.

"आमची मंडळी गप्प झाली," मामा अंगठा दाबून म्हणाला.

"गप्प म्हणजे?"

"माझंच चुकलं. एक गाण्याचे मास्तर नवीन आले होते. त्यांनी विचारलं, मला पुन्हा गाता येईल का. मी लिहिलं, गुरुजी, श्रोते सुटले असं समजा." तो थांबला, दम घेतला. "कुणी हूं की चूं केलं नाही. मग मी जाहीर माफी मागितली. त्यालाही कुणी उत्तर दिलं नाही. पाच आठवडे झाले. वाळीत टाकलं मला."

"कशावरून? दुसऱ्यांच्या मेल येतात का?"

"नाही ना. माझ्या डोळ्यांदेखत कशाला बोलतील? वेगळा गट केला असेल. तू बघ ना जरा. तुझंच काम आहे हे."

त्या क्षणी ठकीच्या मनात काहीतरी बारीक टोचलं. आदल्याच आठवड्यात ऑफिसात कुणा निवृत्त ग्रंथपालाची तक्रार आली होती. 'आपल्या हॉस्पिटलच्या पत्त्यावरून आमच्या गटाला लिहिलेली पत्रं नाकारली जात आहेत आणि आमचे सभासद गळत आहेत. कृपया मार्गदर्शन करावं.' तिने उत्तर दिलं होतं, की आमचं धोरण नियमानुसार आहे, दोष तुमच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, ते अद्ययावत करून घ्यावं. आणि तक्रार बंद केली होती. उत्तरातला शब्द न् शब्द बरोबर होता.

टोचलं तेव्हा बघायला हवं होतं. पण तिला घाई होती, आई खाली रिक्षात बसली होती, आणि मनाच्या एका कोपऱ्याला ते बघायचंच नव्हतं. ती म्हणाली, "मामा, लोक कंटाळतात रे. मेलचे दिवस गेले आता. अंगाला लावून घेऊ नकोस."

मामाने मान हलवली आणि लॅपटॉप मिटला.

*

तीन आठवड्यांनी मामाला तापाने फणफणलेल्या अवस्थेत हॉस्पिटलात आणलं. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया. झडप झिजून गळायला लागली होती. चहा, पाणी, जे प्यायचा त्यातलं थोडं थोडं कितीतरी दिवस फुप्फुसात उतरत होतं. डॉक्टर म्हणाले, पडद्यातलं छिद्र सैल होऊन एवढं मोठं झालंय, की नवी झडपही टिकणार नाही. ती काढून छिद्र बंदच करावं लागेल.

"म्हणजे बोलणं?" आईने विचारलं.

"या मार्गाने नाही आता."

थेरपिस्टबाई वॉर्डाच्या दाराशी उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "मला कळतच नाही," त्या ठकीला म्हणाल्या. "याच विषयावर मी सगळ्यांना पत्र लिहिलं होतं. दीड महिना झाला असेल. पिताना खोकला आला तर थांबू नका, रंगीत पाणी पिऊन आरशात झडपेकडे बघा, रंग दिसला तर त्याच दिवशी माझ्याकडे या. इतकं सोपं करून लिहिलं होतं. चार जण तपासून घ्यायला आलेही. मामा तर माझं प्रत्येक पत्र वाचायचे. यांनी वाचलं कसं नाही?"

ठकीने मनात आठवडे मोजले.

"तुम्ही गटाला लिहिता ते कुठल्या पत्त्यावरून?" तिने विचारलं. उत्तर माहीत असूनही विचारलं.

"हॉस्पिटलच्याच. दुसरा कुठला असणार?"

ती जिना चढून आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आता तिने ते काम केलं, जे दहा आठवड्यांपूर्वी करायचं होतं. रिपोर्ट उघडले, ती ओळ काढली, गटाच्या जुन्या पत्रांचं पान शोधलं. चित्र जुळायला अर्धा तासही लागला नाही. थेरपिस्टबाई सोमवारी पत्र पाठवत. गट त्यावर आपलं नाव चिकटवून ते पुढे वाटायचा. मामाच्या मेल कंपनीचा सर्व्हर बघायचा, की नाव हॉस्पिटलचं, शिक्का तुटलेला, आणणारा भलताच, आणि दारावरची पाटी म्हणते परत पाठवा. तो परत पाठवायचा. इथपर्यंत झालं असतं तर फक्त बाईंची पत्रं हुकली असती, एवढंच. पण गटाचं सॉफ्टवेअर जुनं नि बावळट. पत्र परत आलं, की त्याला वाटायचं, या सभासदाचा पत्ताच बंद झालाय. असं दोनदा झालं, की ते मुकाट्याने त्या सभासदाला पत्रं पाठवणं बंद करायचं. नुसती बाईंची नव्हे, सगळ्यांची. त्याने लिहिलेलं मात्र इतरांना जायचं. म्हणजे मामाचं तोंड चालू होतं आणि कान बंद.

दोनशे दहांपैकी एकशे एकतीस माणसं अशी गळली होती. ज्यांच्या मेल कंपन्या पाटी फारशी बघत नाहीत, तेवढेच उरले होते. गळालेल्यांपैकी जे कळवायचे त्यांना ग्रंथपाल परत जोडायचे, पुढच्या पंधरवड्यात ते पुन्हा गळायचे.

मग तिने मामाच्या माफीचं पत्र उघडलं. 'मंडळी, माझी जीभ गेली नाही हीच अडचण आहे. गुरुजी, चुकलं. लिलाववाला.' त्याखाली अकरा उत्तरं होती. सगळ्यात वर गाण्याच्या मास्तरांचं, त्याच संध्याकाळचं. 'माफी कसली? ऑपरेशन झाल्यापासून मी पहिल्यांदा हसलो. माझ्या बायकोने तुमचं वाक्य फ्रीजवर चिकटवलंय.' आणखी कुणी लिहिलं होतं, 'लिलाववाले, तुम्ही माफी मागायला लागलात तर आम्ही चेष्टा कुणाची करायची?' खाली खाली जाताना सूर बदलत गेला. 'लिलाववाले, का गप्प?' 'कुणाला लिलाववाल्यांची खबर आहे का?' शेवटचं ग्रंथपालांचं. 'त्यांना मी स्वतंत्र मेल केली आहे. उत्तर नाही. रागावले असावेत.'

ती मेल पुढे मामाच्या लॅपटॉपवर नको असलेल्या जाहिरातींच्या ढिगात सापडली. तिच्या शेजारीच गटाच्या यंत्राने पाठवलेली सूचना होती, की आपला पत्ता स्थगित करण्यात आला आहे.

ठकीने तोंडावर हात घट्ट दाबून धरला. बाहेर कुणीतरी प्रिंटरला कागद नाही म्हणून ओरडत होतं.

*

"हे बघा," साहेब म्हणाले, "आपलं धोरण बरोबर आहे. त्यांचं सॉफ्टवेअर जुनं. आपण कशाला डोक्यावर घ्यायचं?"

"मी त्यांना हेच लिहिलं होतं, सर. याच शब्दांत."

"मग झालं तर."

"रिपोर्टात ती ओळ मला दोन महिने दिसत होती. मी शेरा मारलाय तिथे, किरकोळ म्हणून. माझ्या हाताने."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता. "पाटी काढून टाकायची म्हणता? परत त्या नर्सबाईंसारखे लोक फसतील."

"काढायची नाही. थेरपिस्टबाईंना गटासाठी वेगळा पत्ता द्यायचा, त्याच्या दारावर मवाळ पाटी. आणि आपण काय केलं, ते मला त्या लोकांना कळवायचंय."

"हॉस्पिटलच्या नावाने?"

"माझ्या नावाने."

साहेबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "पत्ता करून टाका. कळवायचं ते तुमचं तुम्ही बघा. मी ऐकलं नाही असं समजतो."

ग्रंथपालांना मेल करण्याची तिला लाज वाटली, म्हणून ती घरीच गेली. दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा, भिंतभर पुस्तकं, आणि खिडकीखाली टेबलावर एक जुनाट कॉम्प्युटर. अख्खा गट त्याच्यावर चालत होता. ग्रंथपाल उंच, वाकलेले, गळ्याभोवती स्वच्छ रुमाल. त्यांना झडप नव्हती. टॉर्चएवढं एक यंत्र गळ्याला लावून ते बोलायचे, आणि शब्द एकाच पट्टीत गुणगुणत बाहेर यायचे.

ठकीने उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. बसा म्हणाले तरी बसली नाही. शेवटी म्हणाली, "तुमची तक्रार मीच बंद केली."

ग्रंथपालांनी यंत्र गळ्याला लावलं. "तुमचं उत्तर मी तीनदा वाचलं. अद्ययावत करा म्हणजे काय, ते मला कळलं नाही. दुसरं कुणी असतं तर फोन करून भांडलं असतं. आम्हाला भांडता येत नाही, म्हणून तर आम्ही मेल करतो."

त्यांच्या यंत्राला राग दाखवता येत नव्हता. सगळे शब्द सारखेच सपाट. ठकीला त्यांनी ओरडलेलं परवडलं असतं.

"करायचं काय, ते सांगा," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून तिला कॉम्प्युटरसमोर बसवलं.

दुपारपासून दिवेलागणीपर्यंत ती तिथे होती. सॉफ्टवेअर नवं केलं. आता ज्याच्या दारावर कडक पाटी असेल, त्याचं पत्र गट स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या शिक्क्याने पाठवणार होता, 'अमुक यांच्याकडून, गटामार्फत' असं लिहून. मग एकशे एकतीस जणांना एकेक करून परत जोडलं. ग्रंथपाल शेजारी बसून यादीवर खुणा करत होते. प्रत्येक नावाशी त्यांना काहीतरी आठवायचं, पण दर वेळी यंत्र उचलायचे नाहीत. नुसती मान हलवायचे.

त्या संध्याकाळी गटाला पहिलं पत्र गेलं ते ठकीचं. तीन वेळा लिहून खोडलेलं. 'तुमच्यापैकी अनेकांना गेले दहा आठवडे वाटलं असेल, की कुणी आपल्याला उत्तर देत नाही. उत्तरं आली होती. ती माझ्या निष्काळजीपणामुळे तुमच्यापर्यंत पोचली नाहीत.' खाली स्वतःचं नाव आणि फोन नंबर.

*

मामाला सांगणं सगळ्यात अवघड गेलं. झडप काढून छिद्र शिवलं होतं, आणि तो उशीला टेकून वही-पेन घेऊन बसायचा. ठकीने अकरा उत्तरांच्या छापील प्रती त्याच्या मांडीवर ठेवल्या आणि काय झालं ते सांगितलं. पाटीपासून शेऱ्यापर्यंत, काही न गाळता.

मामाने वहीत लिहिलं, 'मी विचारलं तेव्हा माहीत होतं?'

"अर्धं," ठकी म्हणाली. मग म्हणाली, "अर्ध्याहून जास्त. बघितलं नाही, एवढंच."

मामाने वही मिटली, कागद बाजूला ठेवले आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. त्याच्या पाठीकडे बघत ती तासभर बसून राहिली. आई आली, तिने खुणेने विचारलं काय झालं, ठकीने मान हलवली.

चार दिवस तो तिच्याशी वहीतूनही बोलला नाही. आईशी बोलायचा, नर्सला चिठ्ठ्या लिहून हसवायचा. ठकी आली की पेन खाली ठेवायचा. ती रोज जायची, रोज अर्धा तास बसायची, आणि वर कामाला जायची. पाचव्या दिवशी गेली, तर कागद चुरगळलेले, कोपरे दुमडलेले. वाचून वाचून झालेले दिसत होते. मामाने वही पुढे सरकवली.

'मला वाटलं होतं मी वाईट माणूस आहे. दोन महिने. आवाजापेक्षा त्याचा त्रास झाला.'

ठकीने ते दोनदा वाचलं.

मामाने वही परत ओढून खाली लिहिलं, 'माफ वगैरे नंतर बघू. बाकीच्यांचं काय? एकशे तीसांचं?'

"एकशे सोळा जणांची उत्तरं आली, मामा. काही चिडलेत, काही खूश झाले. एकाने शिव्या दिल्या. चौदा जणांचं काहीच नाही."

'तू त्यांना गाठ,' मामाने लिहिलं. 'मेलने नको.'

*

चौदांचे फोन नंबर थेरपिस्टबाईंनी जुन्या केसपेपरांवरून काढून दिले. नऊ जण सापडले. कुणाची मेल बदलली होती, कुणी गावाला गेला होता, एक जण म्हणाला की मी तो नादच सोडला, आता परत नको. चौघांचे नंबर बंद. चौदावा एक घड्याळजी. फोन त्यांच्या बायकोने उचलला. ते महिन्यापूर्वी गेले, असं तिने सांगितलं. आजार परत उलटला होता. झडपेचा, पत्रांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

ठकीचा जीव क्षणभर हलका झाला, आणि हलका झाला याचीच तिला शरम वाटली.

"मी भेटायला आले तर चालेल का?" तिने विचारलं.

घड्याळजींचं दुकान घराच्या पुढच्या खोलीतच होतं. बंद पडलेली घड्याळं भिंतीवर तशीच, प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. बाईंनी तिला आत बसवलं. साठीच्या असतील. ठकीने जे घडलं ते सांगितलं. रागाला तोंड द्यायची तिने मनाची तयारी केली होती, पण बाई रागावल्या नाहीत. त्यांना त्यातलं बरंचसं कळलंही नसावं.

"शेवटी शेवटी रोज विचारायचे," बाई म्हणाल्या. "म्हणजे बोट करायचे कॉम्प्युटरकडे. काही आलं का? मी बघायचे. काही नसायचं. मग मी सांगायचे, लाइट गेली असेल त्यांच्याकडे. त्यांनी काय विचारलं होतं, ते मला माहीत नाही. टाइप करायचे आणि पडदा फिरवायचे. मला घाबरवायचं नसेल."

"ते अजून आहे तिथे," ठकी म्हणाली. "त्यांनी लिहिलेलं. आणि आलेली उत्तरंही."

"मिळतील बघायला?"

ठकीने लॅपटॉप काढला. घड्याळजींचं पत्र दोनच ओळींचं होतं. 'घास गिळताना भीती वाटते. बायकोसमोर दाखवत नाही. तुम्हालाही वाटायची का?' त्याखाली नऊ उत्तरं.

बाई पडद्याकडे बघत राहिल्या. मग डोळे चोळत म्हणाल्या, "अक्षरं फार बारीक आहेत. तुम्हीच वाचून दाखवा."

ठकी वाचू लागली. पहिलं एका बसचालकाचं होतं, 'मला वर्षभर वाटायची, मी भात अगदी पातळ करून खायचो.' दुसरं एका शिक्षिकेचं. तिसरं, चौथं. सहावं अर्ध्यावर आलं. तिने थांबून पाणी मागितलं, प्यायली, आणि पुढे वाचत राहिली. बाई हात मांडीवर ठेवून ऐकत होत्या, मधेच हळूच हुंकार देत होत्या, जणू ते उत्तर त्यांनाच दिलेलं आहे.

नववं संपलं.

"एवढी आली होती," बाई म्हणाल्या.

"हो."

त्यांनी पदराने चेहरा पुसला आणि खुर्ची थोडी जवळ ओढली.

"परत एकदा वाचा," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून."